अकरा पट्ट्या

आमच्या क्लबात एकाचा पाय मुरगळला की अकरा जणांच्या पायाला पट्टी बसायची. ही ड्रेसरमामांची पद्धत. मॅचच्या आधी अर्धा तास ते आम्हाला मैदानाच्या कडेला ओळीनं बसवायचे, कापडी पिशवीतून क्रेप बँडेजच्या गुंडाळ्या काढायचे आणि गोलकीपरपासून सुरुवात करून एकेकाला बांधत यायचे. खरा जखमी कोण ते समोरच्या टीमला कळू नये, एवढाच हेतू. "दुखणं घरचं असतंय. बाहेरच्याला दिसलं की त्यो तिथंच मारतोय," असं ते पट्टी ओढता ओढता म्हणायचे. त्यांची पट्टी इतकी बेतशीर बसायची की नव्वद मिनिटं पळूनही सुटत नसे आणि पायाला मुंग्याही येत नसत. नांदेडच्या बाकीच्या क्लबांनी आम्हाला 'पट्टी पार्टी' असं नाव ठेवलं होतं. आम्हाला त्याचा रागही येत नसे.

मामा एका हाडांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. दिवसभर प्लास्टर घालायचे आणि कापायचे, त्यामुळे नखांत कायम पांढरी पूड. वापरलेली बँडेजं घरी आणून सोड्याच्या पाण्यात उकळायची, गॅलरीत वाळवायची आणि मांडीवर दाबून त्यांच्या घट्ट गुंडाळ्या करायच्या, हा त्यांचा रोजचा उद्योग. बोलताना हात रिकामा असला तर ते अस्वस्थ व्हायचे. मामी लवकर गेल्या होत्या. घरात ते आणि त्यांची मुलगी प्रज्ञा, दोघंच. प्रज्ञा अभ्यास करायची, मामा गुंडाळ्या करायचे, आणि आमच्यापैकी कुणीतरी पाय पसरून चटईवर पडलेलं असायचं.

आम्हाला फुटबॉल मामांनी शिकवला. पण लीगच्या फॉर्मवर कोच म्हणून सर्टिफिकेटवाला माणूस लागायचा, म्हणून त्या रकान्यात एका शाळेतल्या पी.टी.च्या सरांचं नाव असे. हे सर वर्षातून एकदा, ग्रुप फोटोला यायचे आणि मधल्या खुर्चीत बसायचे. मामा कडेला उभे, हातात पिशवी. आम्ही त्यावरून त्यांची टिंगल करायचो आणि तेही हसायचे. "आपल्याला कोच म्हणून काय करायचंय? पट्टी बांधणाऱ्याला ड्रेसरच म्हणतेत," असं म्हणायचे. ते हसणं आम्ही खरं मानलं. एकदा तरी तो फॉर्म त्यांच्या हातात द्यावा, निदान खुर्ची तरी द्यावी, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

कोण किती दुखावलाय हे ते विचारून ठरवत नसत. मैदानाच्या एका बाजूला दहा पायऱ्यांची गॅलरी आहे. मामा खाली उभे राहायचे आणि आम्हाला वर पाठवून एकेकाला उतरायला लावायचे. "चढताना माणूस खोटं बोलतंय, उतरताना न्हाई," हे त्यांचं निदान. दुखरा माणूस उतरताना प्रत्येक पायरीवर आधी दुखरा पाय टाकतो आणि मग चांगला पाय त्याच्या शेजारी आणून ठेवतो. आपल्याला ते कळतही नाही. मामांना तिसऱ्या पायरीवरच कळायचं. ही विद्या त्यांनी मलाही शिकवली, आणि तिचा पुढे मला काहीच आनंद झाला नाही.

पट्टीची जागा दर आठवड्याला बदलायची. आमचा कॅप्टन आणि गोलकीपर इर्फान अर्धापूरचा. त्याचा केळीचा मळा होता आणि मॅचला येताना तो अर्धा घड घेऊनच यायचा. त्याचा अंगठा मुरगळला त्या रविवारी अकरा अंगठ्यांना पट्ट्या बांधून आम्ही मैदानात उतरलो. हस्तांदोलन करताना रेफ्रीला हसू आवरेना. आमच्या स्ट्रायकरला एकदा बसायच्या जागी गळू झालं, तेव्हा मात्र सगळी टीम मामांकडं टक लावून बघत राहिली. मामांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "ह्याचं ह्याला बघू द्या." नियमाला एवढी एकच सूट मिळालेली मला आठवते.

मी लेफ्ट बॅक. माझा डावा गुडघा उपकेंद्राच्या खांबावरून पडलो तेव्हा गेला. वीज खात्यात ऑपरेटर आहे मी, तिथंच पडलो. सरळ पळताना काही त्रास नाही. पण डावीकडं झटक्यात वळलो की गुडघा आतून निसटायचा. लेफ्ट बॅकला डावीकडंच तर वळावं लागतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण दहा पायऱ्यांनी चुगली केली. त्या संध्याकाळी मामांनी मला घरी नेलं, तिळाचं तेल कोमट करून तासभर गुडघा चोळला आणि म्हणाले, "मिलिंद, हे तुझ्या-माझ्यातच. इर्फानला सुद्धा न्हाई." पुढच्या रविवारपासून सगळ्यांच्या डाव्या गुडघ्याला पट्टी बसायला लागली ती कायमची. बाकीच्यांना वाटलं, मामांनी आता क्लबाचा युनिफॉर्मच ठरवला. चार सीझन दहा माणसं माझ्या गुडघ्यासाठी पट्टी बांधून खेळली आणि कशासाठी हे त्यांना ठाऊक नव्हतं. रविवारी रात्रीच्या जेवणाआधी मामांच्या घरी तेल ठरलेलं असे. सख्ख्या बापानं माझ्या पायाला इतका वेळ हात लावला नसेल.

मग ते वर्ष आलं. नांदेड-लातूर मिळून चालणाऱ्या लीगच्या ब गटात आम्ही होतो आणि ब गटाच्या खाली काहीच नाही. तळाच्या दोन टीम थेट बाहेर जातात. मैदान संध्याकाळी मिळायचं ते लीगमधल्या क्लबालाच. म्हणजे लीग गेली की मैदान गेलं, आणि मैदान गेलं की क्लब गेला. स्ट्रायकर पुण्याला कंपनीत लागला, दोघं भरतीच्या तयारीला गेले, आम्ही ओळीनं चार मॅच हरलो. अशात एका संध्याकाळी गुंडाळी करता करता मामा म्हणाले, "पोरीला लातूरला टाकून राहिलो. डाक्टर व्हायचं म्हणतीय. क्लास तिथंच चांगले हायत. मलाबी जावं लागतंय, एकटी कशी राहील?" पोरीच्या क्लाससाठी घर उचलून लातूरला जाणं आमच्याकडं काही नवं नाही. आम्ही कुरकुर केली नाही. बसस्टँडवर सगळी टीम गेली. इर्फाननं केळ्यांचा अख्खा घड गाडीत चढवला. मामांनी पट्ट्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आता तू बांध." मी रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

तीन आठवड्यांनी मोबाइलवर एक फोटो फिरत आला. लातूरच्या एका क्लासवाल्यांनी स्वतःचा फुटबॉल क्लब काढला होता, तोही आमच्याच गटात. निळ्या ट्रॅकसूटमधली टीम, आणि मधल्या खुर्चीत मामा. छातीवर मोठ्या अक्षरांत 'कोच'. खाली कुणीतरी लिहिलं होतं की प्रज्ञाची फी क्लासनं माफ केलीय. इर्फाननं फोन जमिनीवर आपटायचाच बाकी ठेवला. "आपल्याला सांगितलं का त्यानं? पोरीचं नाव पुढं केलं आणि गेला," तो म्हणाला. मी मामांची बाजू घेतली. पोटच्या पोरीसाठी माणूस काय करत नाही, आणि आपण त्यांना कधी खुर्ची दिली होती का, असं सगळं बोललो. इर्फान माझ्याशी आठवडाभर बोलला नाही.

शेवटची मॅच लातूरला, त्यांच्याशीच. आम्हाला ड्रॉ पुरत होता. मी मामांच्या पिशवीतून पट्ट्या काढून अकरा जणांच्या डाव्या गुडघ्याला बांधल्या. माझ्या हाताला ती सफाई नव्हती, पण बांधल्या. मामा पलीकडं उभे होते. लांबून त्यांनी हात वर केला, मीही केला. मला खरंच बरं वाटलं.

पहिल्याच मिनिटाला त्यांचा विंगर बॉल घेऊन सरळ माझ्याकडं आला. त्यानं आत जायची हूल दिली आणि लाइनकडं, माझ्या डावीकडं, एकदम कापला. गुडघा निसटला. मी पडलो, उठलो. म्हटलं, योगायोग असेल. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर त्यांच्या हाफबॅकनं समोर मोकळा माणूस सोडून मुद्दाम माझ्या बाजूला बॉल दिला. अकरा गुडघ्यांना एकसारख्या पट्ट्या होत्या आणि त्या पोराला नेमका कुठल्या पट्टीकडं जायचं ते पाठ होतं. मी बाउंड्रीकडं बघितलं. मामा खाली मान घालून उभे होते, हातात गुंडाळी नव्हती, आणि बोटं मात्र गुंडाळी केल्यासारखी हलत होती.

त्यांचे दोन्ही गोल माझ्या कडेनं झाले. आमच्याकडं बदली माणूस नव्हता, त्यामुळे मी शेवटपर्यंत उभा राहिलो, म्हणजे निम्मा वेळ पडलेलाच होतो. दोन-एक. शिट्टी झाल्यावर मामा बर्फाची पिशवी घेऊन माझ्याजवळ आले, "जयभीम, मिलिंद," म्हणाले. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाचा जयभीम परत केला नाही. इर्फाननं मला खांद्यावर घेतलं आणि पहिल्यांदाच विचारलं, "गुडघा तुझा होता व्हय?" मी हाव म्हटलं. आम्ही लीगमधून गेलो. आज त्या मैदानाला हिरवी जाळी लागलीय, आत तासावर क्रिकेट चालतं. दहा पायऱ्या मात्र अजून आहेत.

दीड वर्षानं भाचीच्या ॲडमिशनसाठी लातूरला गेलो, तर बहिणीनं निवडलेला क्लास नेमका तोच निघाला. तिसऱ्या मजल्यावर ऑफिस. बाहेरच्या बाकावर मामा बसले होते, तोच ट्रॅकसूट, आता फिका पडलेला. प्रज्ञाचा नंबर थोडक्यात हुकला होता, ती रिपीटर बॅचला होती. मी शेजारी बसलो आणि विचारलं, "मामा, माझा गुडघा तुम्ही सांगितला?"

"सांगितला," ते म्हणाले. "क्लासच्या साहेबांनी विचारलं, इतकी वर्षं त्यांना शिकवलं म्हणता, मग कच्चा कोण ते सांगा. एक तरी नाव द्यावं लागणार होतं."

"मग माझंच कामून? इर्फानचा खांदा दुखरा होता. आणखी चौघं होते."

त्यांनी ट्रॅकसूटची नाडी बोटाभोवती गुंडाळली. मग म्हणाले, "इर्फानचं सांगितलं असतं तर त्यानं जन्मात माझं तोंड बघितलं नसतं. तू बघशील, असं वाटलं. तू घरचा हायस."

त्यांना मी मारलं असतं तरी चाललं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं. दुखणं घरचं म्हणून घरात ठेवायचं, हे ज्या माणसानं शिकवलं त्यानंच घरचा बघून सौदा केला होता. माझा गुडघा परका असता तर वाचला असता.

एवढ्यात मामांना खालून कुणीतरी हाक मारली. ते उठले आणि जिना उतरू लागले. मी नको म्हणत असताना माझे डोळे त्यांच्या पायांकडं गेले. प्रत्येक पायरीवर आधी उजवा पाय, मग डावा त्याच्या शेजारी. हात कठड्यावर, पण असा की सहज ठेवलाय असं वाटावं. उजवा खुबा पार गेलेला. तिसऱ्या पायरीवर मला कळलं.

ऑफिसातून क्लासचे मालक बाहेर आले. भाचीच्या फॉर्मवर सही करता करता त्यांनी मला विचारलं, "तुम्ही यांचे जुने प्लेअर ना? पुढच्या सीझनला तरुण माणूस घ्यावा म्हणतोय. पोरांबरोबर पळतात का हे अजून? खरं सांगा, तुम्ही ओळखता यांना."

खाली दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मामा थांबले होते. त्यांनी वर बघितलं नाही. ट्रॅकसूट गेला की फी परत लागणार, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं; खुब्याचं मात्र दोघांनाच. एक वाक्य पुरलं असतं.

"पळतेत की," मी म्हणालो. "आमच्यापेक्षा जास्त पळतेत."

मालकांनी मान डोलावली. मामा पुढं उतरायला लागले, आधी उजवा, मग डावा. मी घरचा आहे, हे मामांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते खोटं ठरवायची एकच संधी मला मिळाली होती आणि ती मी दोन मिनिटांत घालवली. प्रज्ञासाठी बोललो, मामांसाठी नाही, असं मी स्वतःला तेव्हापासून सांगत आलोय. घरचा जिना चढताना ते मला पटतंही. उतरताना पटत नाही.