तळहातावरचं लिंबू

पोलिसात इतकी वर्षं काढली, पण अजून डोळ्यांसमोरून हलत नाही ते एक लिंबू.

मी कोल्हापुरात वाढलो, तिथल्या तालमीत पट्टा फिरवायला शिकलो, पंधराव्या वर्षी डॉक्टर वडिलांबरोबर अमेरिकेत आलो आणि शिकागोजवळच्या एका गावात पोलीस डिटेक्टिव्ह झालो. डॉटकॉमचा फुगा फुटून दोनेक वर्षं झाली होती. गणपतीच्या आदल्या आठवड्यात ठाण्यात फोन आला. ओळखीच्या काकू होत्या, निवृत्त सर्जन.

"अरे, तू पोलीस ना? मग ऐक. आपल्या महाराष्ट्र मंडळात एक जण मुलांना मर्दानी खेळ शिकवतो. कार्डावर स्वतःच छापलंय, 'वस्ताद'. रविवारी गणपतीच्या कार्यक्रमात डोळ्यांना पट्टी बांधून एका दहा वर्षांच्या मुलीच्या तळहातावरचं लिंबू दांडपट्ट्याने कापणार आहे. सरावात त्याचा पट्टा जमिनीला लागताना मी पाहिलाय. आयुष्यभर लोकांचे हात शिवले. हा मला शिवायचा नाही."

कार्डाचं ऐकूनच माझं डोकं फिरलं. तालमीत वस्ताद ही पदवी लोक देतात. स्वतः घेतली की ती चोरी. पण त्या चोरीला कायद्यात कलम नाही, आणि गुन्हा घडण्याआधी अटक करता येत नाही. म्हणून त्याला चौकशीसाठी बोलावलं. ही अटक नाही, केव्हाही उठून जाऊ शकता, असं आधीच सांगितलं. कॉफी दिली. खोटं बोलणाऱ्याला भरपूर बोलू द्यावं, हा माझा नियम.

तो नागपूरचा, तिशीतला, आयटीतला. कोल्हापूरच्या तालमीत घडलो, कमांडोंना शिकवलं, असं बरंच सांगत गेला. मी मान डोलावत होतो. मग विचारलं, "तुमच्या तालमीत शिष्य पहिल्यांदा लिंबू कापतो, तेव्हा हात कुणाचा असतो?"

"नव्या पोराचा. भीती मोडते ना, सर."

"आमच्या तालमीत वस्तादांचा असायचा. शिष्य चुकला तर हात त्यांचा जायचा, म्हणून ते शिकवायची घाई करत नसत. रविवारी हात तुमचा ठेवू. पट्टा मी फिरवतो. माझा सराव सुटून तीस वर्षं झालीत."

त्याने हात टेबलाखाली घेतला.

"काठी शाळेत शिकलो," तो म्हणाला. "पट्टा व्हिडिओ कॅसेट बघून. लेऑफ झाल्यावर इथे कुणी विचारत नव्हतं यार... सॉरी, सर. पिकनिकला एकदा काठी फिरवली, तर लोक 'सर' म्हणायला लागले. मग एकेक वाढवत गेलो."

"काठी येते?"

"ती खरंच येते."

"मग तेवढंच सांगा. पालकांना तुम्ही सांगायचं, मी नाही. तोवर पट्टा काकूंकडे."

रविवारी तो माइकसमोर आला. "मी वस्ताद नाही. कमांडोंचं खोटं होतं. मला फक्त काठी येते."

"म्हणजे इतके दिवस शेंडी लावत होतात?" मागून एका बापाने विचारलं.

"हो."

ती मुलगी लिंबू घेऊन स्टेजवर तशीच उभी होती. "सर, बट काठी इज स्टिल ऑन, राइट?"

लोक हसले. काठी फिरली, आणि झकास फिरली. क्लास पुढेही चालला, नव्या कार्डावर फक्त त्याचं नाव होतं.

एखादी गोष्ट न येणं हा गुन्हा नाही. न येणाऱ्या गोष्टीवर पदवी चिकटवून दुसऱ्याच्या लेकराचा हात पुढे करणं हा गुन्हाच, कलम असो वा नसो. तेव्हापासून कुणी स्वतःला गुरू म्हणवलं की मी एवढंच बघतो, पात्याखाली हात कुणाचा आहे.

ते लिंबू काकूंनी पोह्यांवर पिळलं. पहिली प्लेट त्यालाच दिली.