काळ्या कुसळाचा धान

आमच्या प्रकल्पाच्या अहवालात एक वाक्य आहे : नागभीडकडच्या एका गावातला काळ्या कुसळाचा सुवासिक धान शेतकऱ्यांच्या दुर्लक्षामुळे नामशेष झाला. ते वाक्य मी लिहिलं आणि ते खोटं आहे.

मी विद्यापीठात संशोधन सहायक होतो. गावोगावचे जुने धान गोळा करायचे, तपासायचे आणि थंड खोलीत जपून ठेवायचे, हे माझं काम. त्या गावात हा धान एकाच बाईकडे उरला होता. तिकडे असं बियाणं विकत नाहीत. नेलं तर पुढे परत आणून देतात. त्यात बाईच्या धान साठवायच्या ढोलीला उंदीर लागले होते. होता तेवढा सगळा धान तिनं माझ्या पिशवीत ओतला.

"इथी उंदरं काही ठेवून नाई राह्यले, भाऊ. तुमच्यापाशी राहू द्या. पऱ्हे टाकाच्या आधी आणून द्याल न?"

"पेरणीच्या आधी देतो, बाई."

"विसरू नोका. साहेब लोकं चहा तेवढा विसरत नाई, बाकी सगळं विसरते."

धान जरा ओलसर होता. ओलावा मोजायच्या ओव्हनमध्ये मी तो वाळायला ठेवला. आधीच्या चाचणीसाठी तापमान खूप चढवलेलं होतं. ते उतरवायचं राहून गेलं. सकाळी दार उघडलं तर खोलीभर लाह्यांचा वास. ओल्या कागदावर थोडे दाणे टाकून वाट पाहिली. एकालाही कोंब फुटला नाही.

प्रकल्पाचे प्रमुख म्हणाले, "तसाच दिसणारा दुसरा द्या. तिला काय कळतंय?" म्हणाले ते, दिला मी.

बाईनं ओंजळ नाकाशी नेली. "वास काऊन नाई, भाऊ?"

"थंड खोलीत होता ना. पिकला की येईल."

पिकला. कुसळं काळी, पण भात जाडा आणि बिनवासाचा. मी गेलो तेव्हा शेजारीण तिला चिडवत होती, "बाई, तुही बांधीच नासली आता." बाई हसली नाही. बांधी म्हणजे धानाचं खाचर; तेच बिघडलं, हे तिला पटलं होतं. मी तिच्याकडचा चहा प्यायलो आणि निघालो. त्या वर्षीच अहवाल लिहिला.

निवृत्तीनंतरही गप्पच राहिलो. या उन्हाळ्यात मात्र जाऊन सगळं सांगितलं. तिनं मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"म्हंजे बांधी चांगली होती माही?"

"हो, बाई."

तिनं पायाखालच्या फरशीकडे बोट दाखवलं. नासकी बांधी ठेवून काय करायचं, म्हणून पोरानं ती मुरूम टाकून बुजवली होती. आम्ही बसलो होतो ते नवं घर तिच्यावरच उभं होतं.

"सूनबाई, आपली बांधी चांगली होती वो," तिनं आत हाक मारून सांगितलं.

"हो, आई," म्हणत सुनेनं मिक्सर लावला. त्या आवाजात बाई तेच पुन्हा, मोठ्यानं सांगत राहिली.