सिस्टरचा नारळ

आमच्या भागात 'सिस्टरचा नारळ' म्हणून एक प्रकार होता, आणि ती सिस्टर म्हणजे मी. रत्नागिरीपासून तासाभरावरच्या एका उपकेंद्रात मी वीस वर्षं नर्स आहे. लसी, बाळंतपणं, तापाच्या गोळ्या हे माझं काम. दारू सोडवणं माझं काम नव्हे, पण बायका रडत यायच्या आणि मला राहवायचं नाही. मग नवऱ्याला धरून ग्रामदेवीच्या देवळात न्यायचं, देवीपुढे नारळ ठेवायचा, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं आणि त्या माणसाकडून वदवून घ्यायचं की आजपासून थेंब नाही. 'आजपासून' हा माझा हट्ट. हळूहळू कमी करतो, सण झाला की सोडतो, असलं काही मी चालवून घेत नसे. "उद्या काय तुझं लगीन आहे?" असं तोंडावर विचारायची. जीभ माझी पहिल्यापासून तिखट.

आईला आम्ही दोघंच. धाकटा भाऊ मिरकरवाड्याच्या बंदरात बर्फाच्या फॅक्टरीत होता. दिवसभर लाद्या फोडायच्या आणि ट्रॉलरवर चढवायच्या. अंग गारठतं म्हणून घ्यायला लागला. मग फॅक्टरी सुटली, बंदर सुटलं, दारू तेवढी राहिली. शेवटी शेवटी सकाळी घेतल्याशिवाय त्याला कप धरता येत नसे, सगळा चहा अंगावर. हे मी माहेरी गेले की डोळ्यांनी बघत होते. नर्स ना मी! हात कशाने थरथरतो ते मला कळायला नको होतं? मला वाटे, सोंगं आहेत.

एका सोमवारी त्याचाही नारळ ठेवला. देवळाच्या पायरीवर तो म्हणाला, "ताई, एकदम नको गो. थोडी थोडी कमी करतो. तुझ्यासमोर करतो." मी म्हटलं, "नाटकं पुरेत." नारळावर ठेवलेला त्याचा हात हलत होता, म्हणून मी वरून माझा हात दाबून धरला. देवीची शपथ झाली, आईची झाली, माझी झाली. आईने मला जवळ घेतलं आणि रडली. मला फार मोठं वाटलं त्या दिवशी.

बुधवारी रत्नागिरीत आमचं प्रशिक्षण होतं. व्यसनांवरचं पहिलंच. एक तरुण डॉक्टरीणबाई शिकवायला होत्या. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'हानी कमी करणे'. म्हणाल्या, माणूस लगेच सोडणार नसेल तर निदान त्याचा जीव तरी राहील असं बघा. मी मागच्या बाकावरून म्हटलं, "म्हणजे मॅडम, बेवड्यांना आता आम्ही मोजून पाजायची का?" सगळ्या खो खो हसल्या. मॅडम हसल्या नाहीत.

"सिस्टर, वर्षानुवर्षं सकाळपासून पिणाऱ्याची दारू एका दिवसात बंद केली तर काय होतं, माहीत आहे?"

त्यांनी सांगितलं. आधी घाम आणि कापरं. मग दुसऱ्या तिसऱ्या दिवशी नसलेलं दिसायला लागतं, फिट येते, आणि औषध नसेल तर माणूस दगावतो. दवाखान्यात ठेवून, गोळ्या देऊन ती उतरवावी लागते. खालच्या वाडीतला एक जण माझ्या नारळानंतर चौथ्या दिवशी फिट येऊन गेला होता. चोरून प्याला असेल, देवी कोपली, असं सगळे म्हणाले होते आणि मीही मान डोलावली होती. आणि भावाचा आज तिसरा दिवस.

बाहेर येऊन माहेरी फोन लावला. भावजयीने उचलला. "वन्स, बरं झालं तुम्ही फोन केलात. सकाळपास्नं बघवत नाय. अंगातनं नुसतं पाणी गळतंय. भिंतीवर मुंग्या हायत म्हणून हाताने झाडत बसलेत. आई म्हणतात, देवी अंग धुऊन काढतेय."

"शुद्धीत आहे?"

"हाक मारली की ओ देतात."

मी मॅडमना गाठलं. त्या म्हणाल्या, गाडीत घाला आणि आणा. गाडी येईपर्यंत शुद्धीत असेल, नीट गिळत असेल, तर थोडी दारू दिलीत तरी चालेल, पण आणा. आधी माणूस जगू दे, दारूचं मग बघू.

मी तेच फोनवर सांगितलं. भावजय म्हणाली, "पण वन्स, नारळ ठेवलाय. तुम्हीच ठेवलात." तेवढ्यात आईने फोन घेतला. "चार बुकं शिकलीस म्हणून देवीच्या वर गेलीस काय गो? आधी कौल लावू. देवीने मोकळा केला तर पाजू, दवाखान्यातही नेऊ. तोवर त्याला कोणी हात लावायचा नाय."

कौल म्हणजे देवीच्या दगडाला दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवायची आणि विचारायचं. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. आई गुरवाकडे निघून गेली. मी दवाखान्याची गाडी बोलावली तर ती बाळंतीण घेऊन दुसऱ्या टोकाला गेलेली. मग एक जीप ठरवून स्वतःच सुटले. वाटेत जिथे रेंज आली तिथे भावजयीला फोन लावत होते; देवळातला निरोप वाडीतली पोरं तिला आणून देत होती. गुरव आंघोळीला गेलाय. फुलं लावली. डावं पडलं. परत लावली, आता दोन्ही चिकटून बसलीत, हलत नाहीत. मी त्या जीपमध्ये बसून देवीला शिव्या घातल्या. होय, घातल्या.

मग मी भावजयीवर ओरडले. "तू दे! शपथ माझी, मोडल्याचं पाप माझ्या माथी. शेजारून आण आणि दे!" त्या पोरीने आणली आणि दिली. दोन घोट त्याने नीट गिळले. पाचेक मिनिटांत फिट आली. नुसता उशीर झाला होता, बाकी काही नाही. पण आई देवळातून परत आली तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर होता जमिनीवर तडफडणारा मुलगा आणि सुनेच्या हातातला पेला.

मी पोचले, जीपमध्ये घातला, डोकं मांडीवर घेतलं. वाटेत आणखी दोन फिटा आल्या. दवाखान्यात पोचलो, पण दिवस मावळायच्या आत तो गेला. सकाळी आणला असता तर, एवढंच डॉक्टर म्हणाले.

वाडीत मात्र दुसरंच ठरलं. देवीची शपथ बायकोने मोडली, देवीने उभा नेला. आईने सुनेच्या हातचं पाणी सोडलं. बाराव्या दिवशी भावजयीने मला परसात ओढून नेलं. "वन्स, खरं सांगा. माझ्या हातनं गेले काय हो?"

"नाही गो. दारू एकदम बंद केली म्हणून गेला. मी बंद केली."

ती म्हणाली, "तर मग हे आईंना सांगा. सगळी पडवीत बसलीत. आत्ता सांगा."

मी पडवीत गेले. आईने माझा हात धरला आणि सगळ्यांना म्हणाली, "हिने तर नारळ ठेवून त्याला वाचवायला बघितलान." मी तिच्या शेजारी बसले. तोंड उघडलं नाही. दारात उभी राहून भावजय वाट बघत होती, आणि मी खाली मान घालून बसले होते. थू माझ्या जिनगानीवर!

आता मीच नर्सना शिकवायला जाते. कुणाची दारू एकदम तोडू नका, शपथा घालू नका, दवाखान्यात आणा, घसा फोडून सांगते. 'माझ्या ओळखीतला एक जण' असं म्हणून भावाची गोष्टही सांगते. भावजय माहेरी निघून गेली, माझा फोन उचलत नाही. आई अजून येणाऱ्या जाणाऱ्याला सांगते की सुनेने माझा मुलगा खाल्ला, आणि मी तिच्यासमोर बसून ते ऐकते. आज हे सगळं खरं लिहून काढलं. आईला वाचता येत नाही.