घोडीच्या मांडीवरचे वळ
रंगात कालवायच्या जवसाच्या तेलाचा वास आला की आजही माझं डोकं तापतं. मलकपेठच्या एका शेठनं शर्यत जिंकलेल्या आपल्या घोडीचं चित्र मला काढायला सांगितलं होतं. तबेल्यातल्या लिदीच्या वासात उभा राहून मी ते असं हुबेहूब काढलं, की घोडी सोडून सगळ्या माश्या कॅनव्हासवर येऊन बसल्या. शेठनं बघितलं आणि म्हणाला, "मास्टर, काम फस्क्लास, पण मांडीवरचे हे चाबकाचे वळ नक्को. दिवाणखान्यात लोकां बघतात." मी म्हणालो, "शेठजी, आधी घोडीवरचे पुसा, मग चित्रातले मी पुसतो." "अरे, जनावर आहे ते. चार दिवसांत वळ जातात." "मग चार दिवस मारू नका. मी थांबतो." एवढं बोलताना माझा आवाज इतका चढला, की काचीगुडा स्टेशनात उभी असलेली गाडी सिग्नलशिवाय सुटली म्हणे. शेठनं चित्र ठेवून घेतलं आणि गौलीगुड्याच्या एका बोर्ड रंगवणाऱ्याकडून वळांवर तपकिरी रंग फासून घेतला. घोडी कधीच मेली. ते चित्र अजून त्या भिंतीवर आहे, खाली सही माझी आहे, आणि पाहुणे म्हणतात, किती लाडात वाढवलेलं जनावर.