चार बोटांवरची नजर

रफूमावशीला लोक लहानपणापासून आंधळी म्हणत आले, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. चष्मा काढला की समोरच्या माणसाला नाक आहे की नाही, हेही तिला सांगता यायचं नाही. काचा इतक्या जाड की शाळेत पोरांनी तिचं नाव ‘बाटलीबूड’ ठेवलं होतं.

पण घर चाललं ते याच डोळ्यांवर. चष्मा कपाळावर सरकवायचा, कापड नाकापासून चार बोटांवर आणायचं, की एकेक धागा तिला दोरीसारखा सुटा दिसायचा. धडधाकट डोळ्यांच्या माणसानं कापड इतकं जवळ धरून बघावं, त्याला नुसतं धुकं दिसतं. मावशीची नजर नेमकी तिथंच लख्ख होती. कोटाला सिगरेटनं भोक पडलेलं असो, नाहीतर शालीला कसर लागलेली असो, ती त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून नाहीतर काठातून धागे उपसायची आणि एक वर, एक खाली करत वीण अशी भरायची की मालकानं तोंडात बोट घालावं. ही कामं तिला कोपऱ्यावरचा लाँड्रीवाला आणून द्यायचा. तो खट गिऱ्हाइकाला मुद्दाम डिवचायचा, “भोक शोधून दाखवा, धुलाई फुकट!” धुलाई त्याला कधी फुकट करावी लागली नाही.

नवरा लवकर गेला. मुलगा शिकला, नोकरीला लागला, साहेब झाला, तो या चार बोटांच्या अंतरात. हे मावशी कुणाला बोलून दाखवत नसे. मुलगाही बोलून दाखवत नसे, पण त्याची कारणं वेगळी होती.

मग डोळ्यांत मोतीबिंदू आला. काळ्या कोटातले काळे धागे एकमेकांत मिसळायला लागले. आधी तिनं दिव्याला दोष दिला, मग सुईला, मग हल्लीच्या कापडाला. शेवटी निळ्या काठाच्या एका पांढऱ्या शालीत काठाचाच निळा धागा भरला गेला, तेव्हा ती मुलाला म्हणाली, “मला डॉक्टरांकडे ने रे.”

मुलानं हयगय केली नाही, हे कबूल केलं पाहिजे. नावाजलेला दवाखाना गाठला, रजा काढली. तिथं मावशीच्या डोळ्यांत थेंब घालून तिला डोळे मिटून बाकावर बसवलं, आणि डॉक्टरांनी मुलाला आत बोलावलं. तो बाहेर आला तो खुशीत.

“आई, आतलं खराब झालेलं भिंग काढून तिथं नवं बसवतात. कायमचं. इतक्या वर्षांचा चष्मा जाणार तुझा!”

“आणि सुईकाम?”

“होईल गं सगळं. तू कशाला डोक्याला त्रास करून घेतेस?”

मावशीनं डोक्याला त्रास करून घेतला नाही. पोटचा पोर शिकलेला, तो विचारूनच आला असणार.

पहिल्या डोळ्याची पट्टी सुटली आणि ती खरोखर रडली. समोरच्या इमारतीच्या गच्चीत वाळत घातलेले कपडे दिसले. कपडेच काय, त्यांना लावलेले चिमटे दिसले. रस्त्यावरून जाणाऱ्या बसचा नंबर तिनं मोठ्यानं वाचला. शेजारीपाजारी बघायला आले, मुलगा प्रत्येकाला भिंगाचं कौतुक सांगत होता, जणू त्यानं ते स्वतः घडवलं होतं. सगळे पांगल्यावर मावशीनं सवयीनं एक बाही नाकाशी नेली. दिसला तो नुसता राखाडी डाग. ती दचकली.

“अगं, दुसरा डोळा झाला की जवळचा चष्मा मिळतो,” मुलगा म्हणाला. “घाई कसली?”

तिनं विश्वास ठेवला. दुसरा डोळाही झाला. महिन्याभरानं जवळचा चष्माही आला. वर्तमानपत्र झकास दिसलं. पण मावशीला वर्तमानपत्र रफू करायचं नव्हतं. कापड त्या अंतरावर धरलं की दोन धागे एक होत, आणि जवळ ओढलं की सगळंच विरघळे. तिनं हातभिंग आणलं. त्याखाली धागा दिसे, पण हाताला सुई जिथं वाटे तिथं ती नसे. जन्मभर नाकासमोर चाललेला हात आता परक्या जागी चाचपडत होता. तिला सुईचा नाही, स्वतःचाच संताप आला.

तशातही तिनं एक कोट पुरा केला. लाँड्रीवाल्यानं तो उलटा केला, सुलटा केला. भोक कुठं होतं ते त्याला विचारावं लागलं नाही.

“बरं झालंय मावशी,” तो म्हणाला, आणि वर न बघता कोट पिशवीत घातला. त्याच्या तोंडून ‘बरं’ हा शब्द तिनं पहिल्यांदा ऐकला.

तिनं हट्टानं मुलाला पुन्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले आणि खूश होऊन म्हणाले, “एक नंबर! तरुण माणसाला हेवा वाटावा अशी लांबची नजर आहे तुमची.”

“मला लांबचं नकोय डॉक्टर. मी रफू करते.”

डॉक्टरांचा हात थांबला. “रफू? अहो, भिंग बसवतानाच ठरवायचं असतं लांबचं हवं की जवळचं. अगदी तुमच्या पूर्वीइतकं नाही, पण पुष्कळ जवळचं ठेवता आलं असतं. म्हणून तर मी तुमच्या मुलाला विचारलं होतं, दिवसभर काय करतात. ते म्हणाले, काही करत नाहीत.”

मुलगा भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत होता.

“मग आता बदला की.”

“चांगलं बसलेलं भिंग काढणं म्हणजे डोळ्याशी खेळ. मी तरी काढणार नाही.”

बाहेरच्या व्हरांड्यात मावशीनं मुलाला अडवलं. “मी काही करत नाही?”

“हळू बोल ना. लोक बघतात.”

“बघू देत. मी काही करत नाही?”

“अगं, मग काय सांगू? माझी आई लोकांच्या फाटक्या कोटांना ठिगळं लावते? या वयात? लोक मला काय म्हणतील? आणि वाईट काय केलं मी? उत्तमातलं भिंग बसवलं. आता आरामात बैस, बाहेर बघ.”

ठिगळं! जन्मात एक ठिगळ लावलं नव्हतं तिनं. रफू आणि ठिगळ यातला फरक तिच्या जिवावर मोठा झालेल्या पोराला माहीत नव्हता, की माहीत असूनही तो तसं बोलला, हे तिला कळेना.

चार दिवसांनी दार वाजलं. मुलानं उघडलं. लाँड्रीवाला दारात घुटमळत उभा होता, हातात गडद निळा स्वेटर. “गिऱ्हाईक जुनं आहे, मावशीशिवाय कुणाला देणार नाही म्हणतं. एकदा विचारून बघता का?”

“आई आता काम करत नाही,” मुलगा हसून म्हणाला. “डोळे चांगले झालेत तिचे.”

मावशी खिडकीजवळच्या खुर्चीत होती. तिथून, चष्म्याशिवाय, तिला स्वेटरच्या कोपरावरचं भोक दिसलं. मान खाली घालून परत फिरलेला लाँड्रीवाला दिसला. आणि दार लावून वळलेल्या मुलाचा चेहरा दिसला, अगदी स्वच्छ. त्यावर लाज नव्हती, लपवाछपवी नव्हती. आपण आईचं भलं केलं, असंच त्याला मनापासून वाटत होतं.

“कोण होतं रे?” तिनं विचारलं.

“कुणी नाही,” तो म्हणाला.