वर बसलेला माणूस

आधी क्रेनच्या केबिनमधून अंगठा बाहेर यायचा, मग आवाज. "भाऊ, चिंता नको. वर मी बसलोय ना!"

मकरपुऱ्यातल्या आमच्या कारखान्यात तो क्रेन चालवायचा आणि मी खाली उभा राहून हाताने खुणा करायचो. डोक्यावरून लोखंड जायचं ते त्याच्या भरवशावर. माल टेकला की तो अंगठा दाखवायचा. त्याशिवाय मी साखळी सोडत नसे.

हातपाय काटकुळे, पोट तेवढं सुटलेलं. पाळी लागली की शिडी चढायचा, तो जेवणाच्या सुट्टीतच उतरायचा. दिवसभरात तेवढाच व्यायाम. रात्रपाळी करून आला की धड झोप नाही, आणि सकाळी सकाळी सेव-उसळ, वर आणखी तिखटजाळ तरी. लोणचं तर चहाबरोबरसुद्धा खाईल असा गडी. साखरही जरा वाढलेली. मी बीपीचं काढलं की हसायचा. "अरे, बीपी जाड्या माणसांना होतं. आपण सडपातळ!"

असे महाभाग तुम्हीही पाहिले असतील. याची तऱ्हा मात्र वेगळी.

वर्षातून एकदा कारखान्यात तपासणी असे. बीपी जास्त निघालं की क्रेन सुटणार आणि स्टोअरमध्ये नटबोल्ट निवडत बसावं लागणार. याची त्याला भयंकर धास्ती. जीव होता हो त्याचा त्या क्रेनवर! म्हणून तपासणीआधी पंधरा दिवस हा साधू व्हायचा. अळणी खिचडी, न चुकता बीपीची गोळी, संध्याकाळी घराजवळ तरसालीत बायकोबरोबर लांब फेरी. वहिनी मला म्हणायच्या, "भाऊजी, ही तपासणी दर महिन्याला का नाही ठेवत तुम्ही लोक?"

आणि पठ्ठ्या पास व्हायचा! तिथून थेट सेव-उसळीच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर. "पास झालो. आता गोळी कशाला?"

कारखान्याच्या डॉक्टरबाईंनी त्याला ओळखलं होतं. गुजरातीत बजावायच्या, "काका, पंदर दिवस नहीं, बारे महिना आवुं राखो!" बाराही महिने असंच राहा म्हणून. हा मान डोलवायचा. मान डोलवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

गेल्या वर्षीही पास झाला. त्यानंतर काही महिन्यांनी, भर दुपारी, मोठा रोलर हवेत असताना क्रेन मध्येच थांबली. मला वाटलं, चेष्टा करतोय. मग रोलर खाली येऊ लागला, इतका सावकाश की मी वैतागलो. लाकडी ठोकळ्यांवर टेकला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. मी वर बघत उभा राहिलो. अंगठा आला नाही.

मेंदूत रक्तस्राव. उजवं अंग गेलं होतं. एकट्या डाव्या हाताने त्याने तो रोलर माझ्यासमोर उतरवला होता.

आता तो पलंगावर असतो. वहिनी बाराही महिने अळणी भरवतात, रोज गोळी देतात. बीपी अगदी छान असतं म्हणे.

परवा भेटायला गेलो. जड जिभेने त्याने एवढंच विचारलं, "वर... कोण बसलंय?"

नवा माणूस येऊन बरेच दिवस झालेत. चांगला चालवतो.

मी म्हणालो, "कोणी नाही."