बिनघुंगरांची दमणी

"दिसते तशी नाही माही दमणी."

एवढं म्हणून आमच्या शेजारचे काका चाकावर तळहात थोपटायचे आणि समोरचा काही विचारतो का याची वाट बघायचे. समोरच्याने नाही विचारलं तरी सांगायचेच.

ज्यांनी दमणी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत आमच्या मेडशीकडे बऱ्यापैकी शेती असलेल्या घरी दोन गाड्या असायच्या. बंडी मालासाठी आणि दमणी माणसांसाठी. वर बांबूच्या तट्ट्याचं छत, खाली गादी. लग्नाला, जत्रेला, लेकीला माहेरी आणायला दमणी निघायची. आज घरोघरी मोटार असते, तशीच ती. काकांची दमणी लांबून अगदी चारचौघींसारखी दिसे, पण आतून ती निव्वळ पळण्यासाठी केलेली होती.

तरुणपणी काकांना शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतींचं भारी वेड. पुढे संसार आला, पट सुटला, वेड मात्र दमणीत उतरलं. त्यांनी सुताराकडून चाकं बारीक करून घेतली. लाकडी फळ्या काढून विणलेला बांबू बसवला. आसाला एरंडेल असं पाजायचे की काकी म्हणायच्या, "पोरायच्या डोक्याले तेल नाही, अन चाकाले पाहा!" बैल पटातून काढलेले, हरण्या आणि पाखऱ्या. शर्यतीत ते हरले असतील, पण मेडशीच्या रस्त्यावर त्यांच्या पुढे कुणी गेलेलं मी पाहिलं नाही.

वजनाचा त्यांना मोठा तिटकारा होता. पाहुण्याची ट्रंक हातात घेऊन जोखायचे आणि विचारायचे, "एवढं कायले पायजे?" पाण्याचा तांब्यासुद्धा वाटेत विहीर आहे म्हणून घरी ठेवायला लावत. याच हट्टापायी त्यांनी बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून खुंटीला टांगल्या होत्या. गावातली प्रत्येक दमणी वाजत जायची आणि ही मांजरीसारखी निघून जायची. काकी चिडून म्हणायच्या, "एक दिवस मलेच उतरून ठेवतीन हे वाटेत!"

माझं लग्न जऊळक्याला झालं. वडील आधीच गेलेले, पाठीवर ना भाऊ ना बहीण, मेडशीला आई एकटी. लग्नाचं दुसरं वर्ष लागलं आणि आईला पावसाळ्यात ताप धरला तो हटेना. दिवाळीला मला बघायचंच असा तिने ध्यास घेतला. पण न्यायला येणार कोण? मुराळी म्हणजे भाऊ, आणि भाऊ तर नव्हताच. तेव्हा काका आपणहून आईला म्हणाले, "मी हाओ ना. जेवन गरम हाय तवरक आनून सोडतो पोरीले."

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी ते निघाले आणि ऊन चांगलं वर असताना जऊळक्याला पोचलेसुद्धा. मी तेव्हा रेल्वेच्या रुळांपलीकडच्या शेतात कापूस वेचत होते.

इथे आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. मुराळी आला तर सुनेला बोलवायला कुणी शेतात जात नसे. दमणीची घुंगरं शेतापर्यंत ऐकू येत. आपल्या माहेरची घुंगरं प्रत्येकीला ओळखू येत आणि ती ओटीतला कापूस टाकून पळत सुटे. माझ्या सासूबाई चुलीशी करंज्या तळत होत्या. त्यांनी काकांना पाणी दिलं, गूळ दिला आणि म्हणाल्या, "बसा, येतेच थे." त्यांना वाटलं, मी घुंगरं ऐकली असतील. काकांना वाटलं, कुणीतरी मला बोलवायला गेलं असेल. दोघंही आपापल्या जागी निवांत बसून राहिली.

मी डोक्यावर गाठोडं घेऊन घरी आले तेव्हा कोनाड्यात दिवा लागला होता.

दिवा लागल्यावर घरची लक्ष्मी बाहेर पाठवायची नाही, हा सासूबाईंचा नेम. आणि दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन, त्या दिवशी तर प्रश्नच नाही. बाई वाईट नव्हत्या, त्यांचाही चेहरा उतरला. काका हात जोडून म्हणाले, "बाई, माही दमणी लय पळते. जाऊ द्या पोरीले."

"पळते, मले मालूम हाय गा," सासूबाई म्हणाल्या, "पन दिवा त लागला ना!"

काका माझ्याकडे वळले. "काहून नाही आली व पोरी? मी कवाचा बसून राह्यलो."

"मले काय मालूम, काका? घुंगरं कुठी वाजले?"

काकांचा हात हरण्याच्या मोकळ्या गळ्यावर गेला. मग ते बैल जुंपून निघून गेले. मी चुलीपुढे बसून रडले. आई दाराकडे डोळे लावून बसली असणार आणि दमणी रिकामी जाणार, हेच डोळ्यांपुढे येत होतं.

आईला त्यांनी काय सांगितलं ते मला फार उशिरा कळलं. त्यांनी सांगितलं, "चाक फसलं वाटेत. दमणी कामाची नाही राह्यली, वयनी. म्हनून उशीर झाला, तवरक तिकडे दिवा लागला." माझ्या सासरला बोल लागू नये आणि आईने माझ्यावर रुसू नये, म्हणून त्या माणसाने आपल्या दमणीला नावं ठेवली. स्वतःला शिवी दिली असती तरी त्यांना एवढं जड गेलं नसतं.

भाऊबीजेच्या सकाळी आम्ही बायका पुन्हा कापसात होतो. रुळांपलीकडून घुंगरं वाजली. सगळ्यांनी माना वर केल्या. "कोनाची व ही?" असं सगळ्या एकमेकींना विचारू लागल्या. कुणालाच ओळख लागेना, मलाही नाही. एवढ्या घाईने वाजणारी घुंगरं आम्ही कधी ऐकलीच नव्हती. मग धुळीतून पाखऱ्याचं वाकडं शिंग दिसलं आणि मी ओटी तिथेच सोडून धावले.

सासूबाईंनी आईसाठी करंज्यांचा डबा भरून दिला. जड होता. काकांनी तो हातात घेतला, जोखला नाही, माझ्या मांडीवर ठेवला. मेडशीला आलो तेव्हा अजून उजेड होता. घुंगरं कुणाची म्हणून बघायला आई उठून दारात आली होती. कित्येक दिवसांनी ती उठली होती.

भाऊ नसलेली मी, दर वर्षी चंद्राला ओवाळायची. त्या संध्याकाळीही ताट घेऊन अंगणात आले. काका बैलांना चारा टाकत होते. मी ताट त्यांच्यापुढे धरलं.

"काकाले कोनी ओवाळते काय?"

"मुराळ्याले ओवाळते."

त्यांनी हातातला चारा खाली ठेवला. कुंकू लावताना त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं, आणि ते लपवायला त्यांनी उगाच पाखऱ्याला दम दिला. मग म्हणाले, "ओवाळनी काय देऊ तुले? घुंगरं आता काढत नाही, जाय."

त्यांनी ती खरोखर काढली नाहीत. गावातल्या लोकांनी चिडवलं, "वजन झालं ना गा!" तर म्हणायचे, "होऊ दे." आई त्या हिवाळ्यात बरी झाली आणि पुढे बरीच वर्षं मला लाभली. दर दिवाळीला रुळांपलीकडून ती घाईची घुंगरं वाजायची आणि शेतातल्या बायका माझ्याआधी सांगायच्या, "जाय व, तुहाच आला." सख्खा भाऊ असता तर त्याने यापेक्षा जास्त काय केलं असतं, मला सांगता यायचं नाही.

पुढे एसटी सुरू झाली. आधी बैल गेले, मग काका गेले. मी एसटीने पोचले तेव्हा अंगणात दमणी उभी होती, धुरा जमिनीला टेकलेली. बैल गेल्यावर पुन्हा खुंटीला लागलेली माळ काढून काकींनी माझ्या हातात दिली. तेव्हा मला कळलं की ती खरंच जड होती.

आता माझ्या नातीने मोटार घेतली आहे. बाहेरून साधी घरगुती, पण इंजिन दांडगं. "आजी, दिसते तशी नाही बरं ही," असं ती म्हणाली तेव्हा मला एकदम हसू आणि रडू दोन्ही आलं. गाडी किती पळते ते तिने मला सांगितलं, ते काही माझ्या ध्यानात राहिलं नाही. मी तिला एवढंच सांगून ठेवलं आहे की वळणावर आलीस की हॉर्न वाजव.

तो वाजला की हातातलं काम तिथेच टाकून मी दारात येते.